वर्गात आहे, पण वर्गातली नाही

या महिन्यात आलेल्या पत्रांमधून चार पत्रं घेतली आहेत. दोन विद्यार्थ्यांची, एक प्राध्यापकांचं आणि एक एका वडिलांचं. पहिल्या पत्रालाच अर्ध्याहून जास्त जागा गेली आहे, त्याबद्दल बाकीच्यांनी राग मानू नये. ते पत्र आलं त्या दिवसापासून माझ्या टेबलावरच्या काचेखाली आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी पहिल्या वर्षाला आहे, दुसरं सत्र सुरू आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. शाळेत मी पहिल्या पाचांत असायचे. इथे मात्र तोंड उघडायची भीती वाटते. पहिल्या महिन्यात मी एका तासाला उत्तर दिलं, तर माझ्या बोलण्याच्या हेलाला मागचे दोघं-तिघं हसले. सरांनी ऐकलं, पण काही न बोलता पुढचा मुद्दा घेतला. तेव्हापासून मी दाराजवळच्या बाकावर बसते आणि तास सुटला की पहिली बाहेर पडते. प्रोजेक्टचे गट पडले तेव्हा मला कुणी घेतलं नाही, मॅडमनी एका गटात घातलं. गटाने मला टायपिंग दिलं. काय चर्चा झाली ते मला फाइल हातात आल्यावर कळतं. एकदा एकजण म्हणाला, "तुम्हाला काय, तुमच्या जागा ठरलेल्याच असतात." घरी फोन केला की आई म्हणते, "तू तर पोचलीस बाई." तिला काय सांगू? रात्री झोप लागत नाही. दोन विषयांत मार्क खाली आले. सगळं सोडून घरी जावं असं रोज वाटतं. ताई, माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर : तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं तू निवांत वाचशील. नाही. तुझ्यात काहीही कमी नाही.

हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तुझंच पत्र पुन्हा वाच. हसले ते मागच्या बाकावरचे. ऐकून न ऐकल्यासारखं केलं ते सरांनी. टायपिंग तुझ्याकडे ढकललं ते गटाने. जागांबद्दल बोलला तो आणखी कुणी. या चारांतली एकही गोष्ट तू केलेली नाहीस, आणि चारही तू स्वतःच्या खात्यावर मांडल्या आहेस. समुपदेशनाच्या खोलीत बसून मला बावीस वर्षं झाली. परिघावरच्या घरांतून आलेली मुलं-मुली माझ्यासमोर बसतात, घडलं ते सगळं सांगतात आणि शेवटी 'माझंच काहीतरी चुकतंय' या वाक्यावर येऊन थांबतात. कुणाची जात वेगळी, कुणाचा वर्ण, कुणाची भाषा, कुणाचं शरीर वेगळं, कुणाची प्रेमाची ओढ वेगळी. वाक्य मात्र तेच. इतक्या निरनिराळ्या माणसांत एकच उणीव कशी असेल? त्यांच्यात सारखी आहे ती त्यांच्या वाट्याला आलेली वागणूक.

रॉय बाउमाइस्टर आणि मार्क लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये आपलेपणाच्या गरजेवर एक मोठा लेख लिहिला. ही माणसाची मूलभूत गरज आहे, हौस नाही, असं त्यांचं म्हणणं. ती भागायला दोन गोष्टी लागतात असं त्यांनी दाखवलं. एक, माणसांशी वरचेवर, गोडीने होणारं बोलणं. दुसरी, एकमेकांची काळजी असलेलं टिकाऊ नातं. एक असली म्हणून दुसरीची भूक भागत नाही. आता तुझं बघ. वर्गात रोज साठेक चेहरे दिसतात, पण जिव्हाळ्याचा एकही नाही. आईचा जिव्हाळा आहे, पण ती लांब, आणि जे बोलायचं तेच तिच्याशी बोलता येत नाही. म्हणून गर्दीतही तू उपाशी आहेस.

दिवसभर तुझ्या मनात जे चालतं त्यालाही नाव आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २००७ मध्ये ते मांडलं. मी मराठीत त्याला 'आपलेपणाची धाकधूक' म्हणते. आपण इथले आहोत की नाही, हा प्रश्न ज्याच्या मनात सतत जागा असतो, त्याला प्रत्येक बारीकसारीक गोष्ट पुरावा वाटू लागते. त्यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना एक साधं काम दिलं. संगणकशास्त्रात शोभून दिसतील अशा आपल्या मित्रांची नावं लिहायची. काहींनी दोन लिहायची, काहींनी आठ. दोन नावं कुणालाही सुचतात, आठ जमवताना कुणीही अडखळतं. गोऱ्या विद्यार्थ्यांनी ते अडखळणं मनाला लावून घेतलं नाही. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मात्र आठ नावं जमेनात तेव्हा वाटू लागलं की हे क्षेत्र आपलं नाहीच, आणि इथे आपलं काही खरं नाही. अडचण दोघांना एकच आली होती. तिचा अर्थ वेगळा लागला, आणि तो अर्थ काही हवेतून आलेला नव्हता. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना दाराबाहेर ठेवलं, त्यांच्या मुलांची नजर आत आल्यावरही दाराकडेच राहते. तू दाराजवळ बसतेस ना? ते मी वाचलं तेव्हा थांबले.

मार्क का घसरले, हेही सांगते. क्लॉड स्टील आणि जोशुआ अॅरन्सन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेले प्रयोग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. भाषेचे तेच अवघड प्रश्न त्यांनी दोन प्रकारे दिले. काहींना सांगितलं की ही तुमच्या बुद्धीच्या कुवतीची चाचणी आहे. काहींना सांगितलं की यात कुवत मोजायची नाही, माणसं प्रश्न कसे सोडवतात तेवढं बघायचं आहे. पहिलं ऐकलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कामगिरी खालावली. 'तुमच्यासारख्यांना हे जमत नाही' हा समाजाचा शेरा आपल्या हातून खरा तर ठरणार नाही ना, ही चिंता पेपर सोडवताना त्यांच्यासोबत बसलेली होती. या परिणामाचा आकार नेमका किती, यावर पुढे संशोधकांमध्ये बराच वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण तुझ्यासारख्या मुलीला मी विचारते की पेपर लिहिताना मनात काय चाललं होतं, तेव्हा ती पेपराबद्दल बोलतच नाही. बाजूचा काय म्हणेल, निकाल लागल्यावर ते काय म्हणतील, हे सांगते. एका डोक्यात दोन परीक्षा चालू असतील तर मार्क कुठून येणार? त्यात तुझी झोप गेलेली.

आता आशेची गोष्ट. वॉल्टन आणि कोहेन यांनी २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थी होते ९२, सगळे पहिल्या वर्षाचे. त्यांतल्या काहींना वरच्या वर्गातल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले. सुरुवातीला मलाही इथे परकं वाटायचं, बहुतेकांना वाटतं, दिवस जातात तसं ते ओसरतं, असा त्या अनुभवांचा सूर. मग वाचणाऱ्याने त्याला धरून स्वतःचं लिहायचं, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या नव्या मुलांना उपयोगी पडेल म्हणून ते कॅमेऱ्यासमोर बोलायचं. सगळं मिळून तासाभराचं काम. कुणी त्यांना 'बिचारे' म्हटलं नाही. उलट दुसऱ्याला मदत करणाऱ्याच्या जागी बसवलं. पुढची तीन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण चढत गेले, गोऱ्या विद्यार्थ्यांबरोबरचं अंतर निम्मं झालं, तब्येत सुधारली, डॉक्टरकडे जाणं कमी झालं. त्या तासाचा आपल्यावर परिणाम झाला, हे मात्र बहुतेकांना शेवटपर्यंत जाणवलं नव्हतं.

मी हा अभ्यास पहिल्यांदा वाचला तेव्हा मला एकदम एक कार्ड आठवलं. मीही घरातली पहिली पदवीधर. पहिल्या सत्रात मी वाचनालयात पुस्तक मागायला जात नसे, कारण मागणीचं कार्ड कसं भरायचं ते मला माहीत नव्हतं आणि बाकी सगळ्यांना ते जन्मापासून येतं अशी माझी खात्री होती. एकदा धीर करून गेले आणि चुकीचं भरलं. खिडकीपलीकडच्या बाईंनी कार्ड माझ्याकडे फिरवलं, बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "नंबर इथे, नाव इथे. पहिल्या महिन्यात सगळेच उलटं भरतात." त्या 'सगळेच'ने मला त्या इमारतीत जागा दिली. पुढची तीन वर्षं त्या बाई माझ्यासाठी पुस्तकं बाजूला काढून ठेवायच्या. एकदा परीक्षेच्या आधी त्यांनी मला खिडकीजवळची खुर्ची दाखवली, "इथे बस, उजेड चांगला येतो." शिकवायचं काम त्यांचं नव्हतं. तरी माझ्या शिक्षकांची यादी करायला बसले की मी त्यांच्या नावापासून सुरुवात करते.

हे माझ्या एकटीचं आठवणींचं प्रेम आहे असं मला वाटायचं. मग २०२० मध्ये शॅनन ब्रेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. तासाभराचं ते काम केलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी ७ ते ११ वर्षांनी गाठलं. आता ती नोकरी करणारी मोठी माणसं होती. ते काम केलेली कृष्णवर्णीय माणसं आपल्या नोकरीत जास्त समाधानी होती, मनाने जास्त स्वस्थ होती. या बदलाची वाट कॉलेजच्या गुणांमधून गेलेली दिसली नाही. कॉलेजात असताना त्यांना वडीलधारं मार्गदर्शन करणारं कुणीतरी भेटलं होतं, ते नातं टिकलं होतं, तिथून ती गेली होती. मनातली धाकधूक जरा निवली की माणूस कुणाचं तरी दार वाजवतो. पलीकडून दार उघडलं की पुढचं सुरू होतं.

म्हणून तुला सांगते, अख्खा वर्ग जिंकायच्या मागे लागू नकोस. एक माणूस शोध. तो प्राध्यापकच हवा असं नाही. प्रयोगशाळेतले मदतनीस असतील, वरच्या वर्गातली तुझ्यासारख्याच घरातून आलेली मुलगी असेल. तिला एवढंच विचार, "तुला पहिल्या वर्षी कसं गेलं?" हा प्रश्न मी अनेकांना विचारायला लावला आहे आणि त्याला उत्तर आलं नाही असं क्वचित झालंय. गटाला लिहून कळव की टायपिंग मी करीन, पण चर्चेला मी बसणार, वेळ सांगा. लिहून, कारण बोलताना तुझा आवाज अडकेल, आणि लिहिलेलं पुढे मॅडमना दाखवता येतं. जागांबद्दल जो बोलला त्याला उत्तर द्यायची जबाबदारी तुझी नाही. पण ते वाक्य तारखेसह वहीत लिहून ठेव. पुन्हा कानावर आलं तर वही घेऊन समुपदेशकाकडे किंवा तक्रार निवारण समितीकडे जा.

आईला सगळं सांगू नये असं वाटत असेल तर एकच गोष्ट सांग, "पोचले गं, पण इथे अजून कुणी ओळखीचं झालेलं नाही." एवढं तिला नक्की कळेल. शिक्षण नसलं तरी नव्या घरात एकटं पडणं म्हणजे काय, हे बायकांना सांगावं लागत नाही.

आणि कॉलेज सोडायचा निर्णय निकालाच्या आठवड्यात घेऊ नकोस. आधी झोपेसाठी डॉक्टरांना भेट, समुपदेशकाबरोबर चार-पाच बैठका कर, मग ठरव. मनात जगण्याबद्दलच वाईट विचार येऊ लागले तर मात्र बैठकीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी, त्याच तासाला, जवळ जे कुणी असेल त्याला सांगायचं.

एक गोष्ट लपवणार नाही. तू सगळं केलंस तरी कॉलेजने त्याचा वाटा उचलला नाही तर अडेल. वॉल्टन आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये फार मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, २२ संस्था, २६,९११ विद्यार्थी. तसंच छोटं काम, या वेळी ऑनलाइन. ज्या गटांतली मुलं एरवी पहिल्या वर्षातच मागे पडतात, त्यांतली जास्त मुलं वर्ष पूर्ण करू लागली. पण सगळीकडे नाही. जिथे त्या गटाला आपलं होऊन राहायची खरीखुरी संधी होती, तिथेच. जिथे ती नव्हती तिथे कितीही छान वाचायला देऊन काही हाललं नाही. म्हणून तुझ्या पत्रातली नाव-गाव नसलेली हकिकत मी पुढच्या पत्राच्या उत्तरात वापरते आहे. तुझी हरकत नसावी.

प्रश्न : मी वीस वर्षं शिकवतो. कोण कुठल्या घरातून आलं हे मी बघतही नाही, मला सगळे सारखे. तरी आमच्या विभागातल्या काही मुलांनी 'आम्हाला इथे उपरं वाटतं' असं लेखी दिलं. मला वाईट वाटलं. शिवाय अशा मुलांच्या निबंधात चुका दाखवायलाही आता धास्ती वाटते. दुखावली तर?

उत्तर : सर, तुम्हाला वाईट वाटलं आणि तुम्ही पत्र लिहिलंत, इथूनच सुरुवात करू.

वरच्या पत्रातले सर आठवा. तेही वाईट माणूस नसणार. वर्ग पुढे न्यायचा म्हणून ते पुढच्या मुद्द्याकडे गेले असतील. त्या मुलीने मात्र त्या चार सेकंदांच्या गप्पपणातून ऐकलं की इथे हे चालतं. डेरल्ड विंग सू हे समुपदेशन मानसशास्त्रातले संशोधक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये रोजच्या वागण्यातल्या अशा बारीक जखमांची वर्गवारी केली. त्यांत एक प्रकार आहे, समोरच्याचा अनुभवच नाकारण्याचा. 'मला फरक दिसतच नाही' हे वाक्य त्यांनी त्यात धरलं आहे. बोलणाऱ्याच्या मनात समता असते. ऐकणाऱ्याला कळतं ते असं की माझ्याबाबतीत जे रोज घडतं ते या माणसाला दिसणार नाही, मग सांगून काय उपयोग. तुम्ही सगळ्यांना सारखं मानता, हे मानणं सोडू नका. फक्त सगळ्यांना सारखं मिळत नाही, तिकडे बघायला लागा. गट कोण पाडतं? टायपिंग कुणाच्या वाट्याला येतं? तुम्ही ज्यांना नावाने हाक मारता ते कोण?

आणखी एक, जे मलाही उशिरा कळलं. निकोल स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की विद्यापीठाची भाषाच काहींना परकी असते. त्यांनी नव्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाचं स्वागतपत्र वाचायला दिलं. एका पत्रात 'स्वतःचा मार्ग स्वतः शोधा, स्वतंत्र विचार करा' असा सूर. दुसऱ्यात 'एकमेकांबरोबर शिका, समूहाचा भाग व्हा' असा. मग अक्षरं जुळवून शब्द करायचं काम दिलं. पहिलं पत्र वाचल्यावर घरातून पहिल्यांदाच शिकायला आलेली मुलं मागे पडली. दुसरं वाचल्यावर अंतर राहिलं नाही. पत्रातली चार वाक्यं बदलली, बाकी मुलं तीच. ज्या घरात एकाचं काम सगळ्यांनी मिळून निभवायचं असतं, तिथून आलेल्या मुलाला 'एकट्याने कर' हा उपदेश थंड वाटतो. आणि मदत मागणं हा त्याला कमीपणा वाटू लागतो, कारण आपण स्वावलंबनाचे धडे दिलेले असतात. तुमच्या पहिल्या तासाचं भाषण मला पाठवाल का? मी मनापासून विचारते आहे.

निबंधाचं म्हणाल तर चुका दाखवाच. न दाखवणं हाही अपमानच, आणि मुलं तो ओळखतात. कोहेन, स्टील आणि ली रॉस यांनी १९९९ मध्ये तपासलं की टीका कशी केली तर ती कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला लागते आणि कशी केली तर तो कामाला लागतो. नुसती टीका चालली नाही. वर थोडं कौतुक लावूनही पुरेसं झालं नाही. माझी कसोटी कडक आहे आणि तू तिला उतरशील याची मला खात्री आहे, ही दोन्ही वाक्यं टीकेबरोबर आली तेव्हा चाललं. पुढे २०१४ मध्ये डेव्हिड यीगर आणि इतरांनी शाळेतल्या मुलांच्या तपासलेल्या निबंधांवर अशा अर्थाची छोटी चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठी मिळालेल्यांपैकी कितीतरी जास्त मुलांनी निबंध पुन्हा लिहून दिला, आणि शाळेवरचा ज्यांचा विश्वास उडालेला होता त्यांच्यात फरक सर्वांत मोठा होता. पण सर, खात्री खरी असेल तरच लिहा. मुलांना अक्षरातही खोटं कळतं.

आणि ज्यांनी लेखी दिलं त्यांना बोलवा. सफाई देऊ नका, पहिल्या भेटीत फक्त ऐका. लेखी देण्याआधी ती किती रात्री जागली असतील, याची मला चांगली कल्पना आहे.

प्रश्न : माझा मुलगा कॉलेजातल्या समुपदेशकाकडे दर आठवड्याला जातो असं कळलं. त्याला काही आजार आहे का? मी त्याला थांबवू का?

उत्तर : थांबवू नका, भाऊ. आजार नसतानाही माणूस कोमेजू शकतो. कोरी कीज या संशोधकाने २००२ मध्ये हेच मांडलं की मनाचा आजार नसणं आणि मन फुललेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅरल रिफ यांनी १९८९ मध्ये मनाच्या स्वास्थ्याची सहा अंगं सांगितली. स्वतःचा स्वीकार, माणसांशी चांगली नाती, जगण्याला हेतू ही त्यांतली तीन. तुमचा मुलगा यांतलंच काहीतरी सावरायला जात असेल. तो तिथे काय बोलतो ते विचारू नका. परत आल्यावर "जेवलास का?" म्हणा आणि जवळ बसा. तुम्हाला भीती वाटली, हेही त्याला सांगायला हरकत नाही.

प्रश्न : मी चाकाच्या खुर्चीवरून कॉलेजला जातो. आम्हाला एक छापील फॉर्म दिलाय. त्यात 'मी या महाविद्यालयाचा भाग आहे असं मला वाटतं' असं वाक्य आहे आणि १ ते ५ मधला आकडा निवडायचा आहे. आमचे तास दुसऱ्या मजल्यावर भरतात आणि लिफ्ट बंद आहे. मित्र उचलून नेतात. किती आकडा लिहू? आणि हे फॉर्म भरून काही होतं का?

उत्तर : होतं, पण कोण वाचतं त्यावर आहे. तुझ्या फॉर्मवर आहे जवळजवळ त्याच अर्थाच्या एका वाक्यावर अमेरिकेत देशपातळीचा अभ्यास झाला आहे. मैत्रेयी गोपालन आणि शॅनन ब्रेडी यांनी तो २०२० मध्ये प्रसिद्ध केला. चार वर्षांच्या महाविद्यालयांत अल्पसंख्य वंशांची आणि घरातली पहिली पिढी असलेली मुलं सरासरीने कमी आकडा देतात असं दिसलं. दोन वर्षांच्या महाविद्यालयांत मात्र तसं दिसलं नाही. म्हणजे उपरेपणा मुलांच्या अंगात असता तर तो दोन्हीकडे त्यांच्याबरोबर गेला असता. जागा बदलली की आकडा बदलतो. शिवाय चार वर्षांच्या महाविद्यालयांत ज्यांनी आकडा जास्त दिला ती पुढे टिकली, आणि त्यांचं मनःस्वास्थ्यही बरं होतं. अशा गोष्टी फॉर्म भरल्याशिवाय कळत नाहीत.

पण आकडा काय लपवतो तेही मला माहीत आहे. मी नवी असताना ४० वाक्यांची प्रश्नावली केली होती. 'मला जवळचे मित्र आहेत' असं एक वाक्य त्यात होतं. एका मुलीने सगळीकडे ४ ला गोल केला होता. मी तिला 'ठीक' या गठ्ठ्यात टाकणार, एवढ्यात पानाची मागची बाजू दिसली. तिने पेन्सिलीने लिहिलं होतं, "मित्र आहेत. पण इथे एकही नाही. तुम्ही इथलं विचारलंच नाही." माझी चूक होती. तेवढ्या एका ओळीसाठी मी सगळी प्रश्नावली नव्याने केली आणि त्या मुलीला शोधून तिच्याशी बोलले.

तुझी अडचण त्याहून सोपी आहे आणि म्हणूनच जास्त संतापजनक. तुझे मित्र तुला उचलून नेतात, म्हणजे माणसांचा आपलेपणा तुला आहे. इमारतीचा नाही. एकाच आकड्यात हे दोन्ही कसं मावेल? तुमच्या कॉलेजात चाकाच्या खुर्चीवरून येणारे दोघं-तिघंच असतील, तर तुमचे आकडे सरासरीत विरघळूनही जातील. आणि एवढ्या थोड्यांत नाव न लिहिताही कोण ते ओळखू येतं. म्हणून फॉर्म कोण वाचणार, कुठे ठेवणार, हे भरण्याआधी विचार. तो तुझा हक्क आहे.

आकडा कोणता लिहायचा ते तू ठरव. पण त्याच्या खाली लिही की लिफ्ट कधीपासून बंद आहे, त्यामुळे तुझे किती तास बुडाले आणि दुरुस्तीचा अर्ज कुठल्या तारखेला दिला होतास. अर्ज दिला नसशील तर आजच दे आणि पोच घे. फॉर्मवर जागा नसेल तर पान उलटून मागे लिही. माझ्याकडे गठ्ठा आला की मी आजही आधी मागची पानं बघते.